पुढे

कसबा बावड्यात, लाईन बाजारच्या मागल्या बोळात,
माडीवरच्या खोलीत मी जहाजावर चढतोय.
समुद्र इथून घाट उतरून चार तासांवर
आणि वायफाय शेजारच्या पाडळकरांचं.

कोर्स : बंदिस्त जागेत प्रवेश. सहा तास. फी भरलेली.
एक गुळगुळीत आवाज, कुठल्याच बंदरात न राहिलेला,
सांगतोय की टाकीत उतरण्याआधी थांबावं.
खाली 'पुढे' नावाचं बटण.
व्हिडिओ संपेपर्यंत ते राखाडी असतं,
मग निळं होतं.

चित्रातली टाकी स्वच्छ. भिंतींना गंज नाही,
शिडीच्या पायऱ्या साऱ्या जागच्या जागी.
चित्रातला माणूस पडतो तेव्हा हळूच पडतो,
हेल्मेटसुद्धा सुटत नाही त्याचं.

रोडेल पडला तेव्हा आवाज आला होता
माडीवरून ट्रंक सुटल्यासारखा.
चार नंबरची टाकी, फुजैराबाहेर नांगरावर,
दुपारचे दोन, डेक तव्यासारखा.
पंपमन होता. बावीस वर्षांची नोकरी.
त्याच्या फायलीत हाच कोर्स होता, शिक्क्यासकट.
त्याच्यामागे उतरायला धावलेल्या कॅडेटचा
मी पट्टा धरला, दोन्ही हातांनी,
आणि पोरानं माझ्या मनगटाला चावा घेतला.
खूण आहे अजून.
व्हिडिओत कुणी कुणाला चावत नाही.

भाचा डोकावतो. सुयोग. बारावी झालीय,
त्यालाही जहाजावरच जायचंय.
"मामा, तू पड जरा. मी दाबतो की बटण.
प्रश्न त्येच त्येच असत्यात, उत्तरं ग्रुपवर हैत."
खरंच आहेत. पहाटेच आली यादी :
ब, ड, अ, अ, क.
जणू कुणीतरी मुळाक्षरं विसरायला बसलंय.

आबा विहिरी उपसायचे, बावड्यापासून वडणग्यापर्यंत.
आधी दोराला बांधून कंदील सोडायचे खाली,
आम्ही पोरं कठड्यावर पालथी.
कंदील विझला की आबा तंबाखू मळत बसायचे.
मालक बोंबलायचा, ऊस वाळाय लागलाय.
"वाळू दे की," आबा म्हणायचे.
तेवढंच. पुढची स्लाइड नव्हती.

टँकरमध्ये कंदील सोडला असता
तर जहाज उडालं असतं, ठाऊक आहे मला.
तिथं मीटर लागतो, चार वायूंचा, तपासून आणलेला,
आणि आमच्या मीटरची बॅटरी
पुढच्या बंदरात येणार होती.
पण ते तंबाखू मळत बसणं,
ते कुठल्या धड्यात घालायचं?

प्रश्न सतरावा : सहकारी टाकीत बेशुद्ध दिसल्यास
प्रथम काय कराल?
क. धोक्याची सूचना द्या.
बरोबरच आहे. मी तेच केलं होतं,
ओरडून, कारण हात मोकळे नव्हते.
श्वासाची नळकांडी घेऊन माणसं आली
अकरा मिनिटांनी.
अकरा मिनिटं पोराला धरून ठेवा,
असा पर्याय दिलेला नाही.

मी क दाबतो.

पाचाच्या सुमारास ब्याण्णव टक्के.
प्रमाणपत्राच्या कडेला सोनेरी वेलबुट्टी,
पाच वर्षं चालेल.
कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला विचारतो, रंगीत काढू का साधं?
रंगीत काढ बाबा. कंपनीला रंगीत लागतं.

येताना सुयोगला मळ्यातल्या विहिरीकडे नेलं.
आता तिच्यावर जाळी आहे, आत नारळाच्या करवंट्या,
एक चप्पल.
म्हटलं, मोबाईल काढ. अकरा मिनिटांचा गजर लाव.
मग मागून त्याचा पट्टा धरला,
दोन्ही हातांनी.
"आता सुटून दाखव."

हसला तो. ढकललं, वळला, कोपर मारलं,
"मामा, येड लागलंय का तुला?"
चौथ्या मिनिटाला हसायचा थांबला.
माझे दंड भरून आलेत.
अजून सात.